रद्द करणारी सही

६ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाचे वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले. अनुवादासाठीचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार अनघा लेले यांना मिळाला होता. पुस्तक होते कोबाड गांधी यांच्या तुरुंगातल्या आठवणींचे, 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'. लगेच समाजमाध्यमांवर गदारोळ सुरू झाला. माओवादी म्हणून दहा वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाच्या पुस्तकाला सरकारी तिजोरीतून लाख रुपये कसे, असा सवाल फिरू लागला. १२ डिसेंबरला शासन निर्णय निघाला. पुरस्कार रद्द, निवड समितीही रद्द, कारण 'प्रशासकीय'. जाहीर झाल्यापासून रद्द होईपर्यंत सहा दिवस. एवढ्या अवधीत मंत्रालयातली साधी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही.

या प्रकरणात गमतीही कमी नव्हत्या. ज्या पुस्तकावरून लेखकाला कट्टर माओवादी ठरवले जात होते, त्याच पुस्तकानंतर, २०२१ मध्ये, माओवादी पक्षाने त्यांना विचारधारा सोडल्याचा ठपका ठेवून बाहेर काढले होते. पुरस्कार लेखकाला नव्हताच, अनुवादाला होता. आणि पुरस्काराला नाव होते तर्कतीर्थांचे, म्हणजे वेदशास्त्रांचे अध्ययन करून मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर गेलेल्या आणि पुढे राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष झालेल्या पंडिताचे. पुरस्कार रद्द होताच प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेरंब कुलकर्णी यांनी शासकीय समित्यांवरची पदे सोडली. शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी स्वतःचे पुरस्कार नाकारले. पुस्तकाची मागणी वाढली, ती वेगळीच.

पंधरा दिवस वर्तमानपत्रांत वाद रंगला. पुस्तक गौरवायोग्य होते की नव्हते, यावर भरपूर शाई खर्च झाली. परीक्षकांनी रीतसर केलेली निवड कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या नियमाखाली मोडली, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. खरे तर जाहीर संतापाच्या सगळ्या वादांत हाच प्रश्न बाजूला राहतो. सगळ्यांच्या नजरा ओरडणाऱ्या गर्दीवर असतात आणि ज्या टेबलावर सही होते, ते टेबल कोणी पाहत नाही.

'कॅन्सल कल्चर' हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला. तिथे तो आधी कृष्णवर्णीय तरुणांच्या ट्विटरवरच्या बोलण्यात होता, बराचसा थट्टेचा. एखाद्या गायकाने निराशा केली की 'तो आजपासून रद्द' म्हणायचे आणि पुढे जायचे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले, तोवर थट्टा संपून त्याचे राजकारण झाले होते. ७ जुलै २०२० रोजी 'हार्पर्स' मासिकाने एक खुले पत्र प्रसिद्ध केले. सलमान रश्दी, मार्गारेट ॲटवूड, नोम चॉम्स्की, जे. के. रोलिंग यांच्यासह दीडशेवर लेखक-विचारवंतांनी त्यावर सह्या केल्या होत्या. मोकळ्या चर्चेची हवा कोंडत चालली आहे, मतभेदाला शिक्षा मिळू लागली आहे, अशी त्यांची तक्रार. काही दिवसांतच दुसऱ्या गटाचे उलट पत्र आले: ज्यांच्या हाती मोठमोठी व्यासपीठे आहेत तेच गळचेपीची तक्रार करताहेत, आणि ज्यांना व्यासपीठ कधी मिळालेच नाही त्यांच्या गळचेपीबद्दल हे पत्र अवाक्षर काढत नाही.

दोन्ही पत्रांत तथ्य होते. म्हणूनच तो वाद पुढे सरकला नाही.

अमेरिकेतली तीन प्रकरणे शेजारी ठेवली की निराळेच काही दिसते. मे २०१८ मध्ये रोझॅन बार या अभिनेत्रीने ओबामांच्या माजी सल्लागार बाईंबद्दल वंशद्वेषी ट्वीट केले. एबीसी वाहिनीने तिची लोकप्रिय मालिका त्याच दिवशी बंद केली. जुलै २०१८ मध्ये ट्रम्पसमर्थकांनी दिग्दर्शक जेम्स गन यांची अनेक वर्षांपूर्वीची ओंगळ विनोदांची ट्वीट उकरून काढली. डिस्नेने त्यांना काढून टाकले आणि मार्च २०१९ मध्ये परत घेतले. त्याआधी, २०१४ च्या उन्हाळ्यात, गाझावरच्या बॉम्बवर्षावाबद्दल तिखट ट्वीट करणारे प्राध्यापक स्टीव्हन सलाइता यांची इलिनॉय विद्यापीठाने देऊ केलेली नोकरी ऐन वेळी मागे घेतली. देणगीदारांची पत्रे आली होती. पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठाला खटल्याच्या तडजोडीत ८,७५,००० डॉलर मोजावे लागले. संताप एकदा उदारमतवाद्यांचा होता, एकदा उजव्यांचा, एकदा धनिकांचा. तिन्ही वेळा निर्णय मात्र वाहिनीने, स्टुडिओने, विद्यापीठाने घेतला, आणि प्रत्येक वेळी तो चौकशीआधी घेतला.

मराठी वाचकाला यात नवे ते काय वाटावे? या मातीत माणसाला रद्द करण्याचे शास्त्र फार जुने आहे. त्याला ग्रामण्य म्हणत.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. नंतर मिशनऱ्यांनी पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, पुण्यातली चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी होती. कोणी चहा प्यायले, कोणी कप नुसताच हाती घेतला, कोणी तोही घेतला नाही. हा सगळा घाट गोपाळराव जोशी यांनी घातला होता, डॉ. आनंदीबाईंचे पती, आणि समोरच्याचे ढोंग उघडे पाडण्याची भारी हौस असलेले गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. आजच्या भाषेत सांगायचे तर बंद खोलीतल्या बैठकीचा स्क्रीनशॉट व्हायरल केला. चहा कोणी घेतला आणि कोणी नाही, हा भेद यादीत उरला नाही.

मग सनातनी पुणे पेटले. तक्रार शंकराचार्यांच्या पीठापुढे गेली, चौकशी बसली, प्रकरण दोनेक वर्षे चालले. ग्रामण्यात सापडलेल्या घराचे हाल काही फक्त अब्रूचे नसत. मुंज-श्राद्धाला भटजी येत नसे, पंगतीला पान मांडले जात नसे, लेकीला माहेरी पाठवायला सासरचे नकार देत. टिळकांनी धर्मशास्त्राचे दाखले देत आपली बाजू मांडली आणि काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी आधी दाद दिली नाही, पण अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. तेव्हा सुधारक मंडळींनीच त्यांच्यावर तोंडसुख घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत हा प्रसंग आला आहे. प्रायश्चित्त न घ्यावे तर सनातनी सोडत नाहीत, घ्यावे तर सुधारक सोडत नाहीत, अशा कात्रीत राज्यातला सर्वांत विद्वान माणूस एका चहापायी सापडला होता.

तरीही या जुन्या यंत्रात एक गोष्ट होती, जी आजच्या यंत्रात नाही. तक्रारदार कोण ते ठाऊक होते, निवाडा कोण करणार ते ठाऊक होते, बाजू मांडायची सोय होती आणि आत परत येण्याची वाट होती. वाट अपमानाची, खर्चाची, अन्यायाचीही असेल. पण प्रायश्चित्त झाले की प्रकरण मिटले, असा संकेत होता. समाजमाध्यमांवर माफीनामा टाकला की त्याचेच नवे प्रकरण सुरू होते. माफी उशिरा मागितली, मनापासून मागितली नाही, वकिलाने लिहून दिलेली दिसते, असे तीन आक्षेप तर तासाभरात येतात.

अर्थात ही परतीची वाट वरच्या जातींतल्या पुरुषांसाठी होती. ज्यांना जन्मानेच वाळीत टाकले होते त्यांच्यासाठी कोणतेच प्रायश्चित्त नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये काढलेल्या पत्राचे नावच 'बहिष्कृत भारत' होते. त्याच वर्षी महाडच्या तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल अस्पृश्यांना मारहाण झाली, गावोगाव त्यांची कामे तोडली गेली, बाजारहाट बंद झाली. उघड हिंसेपेक्षा हे हत्यार अधिक घातक आहे, कारण ते कायद्याच्या चौकटीत राहून पोट मारते, हे आंबेडकरांनी नेमके ओळखले. गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या मागण्यांत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे म्हटले आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या कायद्याचा आधार घेतला. महाराष्ट्रात तसा कायदा व्हायला २०१६ साल उजाडले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध वर्षानुवर्षे चालवलेल्या मोहिमेचे ते फळ. कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य.

त्यामुळे नुसत्या ट्रोलिंगला वैतागलेला नामवंत जेव्हा 'मला वाळीत टाकले' म्हणतो, तेव्हा कोकणातल्या एखाद्या खेड्यात पंचांच्या हुकमावरून ज्यांच्या घरी दुकानदार मीठसुद्धा विकत नव्हता, ती कुटुंबे आठवावीत. दोन्ही दुःखे खरी असतील, पण एका मापाची नव्हेत.

सही करणाऱ्या टेबलाकडे पाहायचे तर मराठी रंगभूमी आणि ग्रंथव्यवहार यांच्याइतकी समृद्ध खाण दुसरी नाही. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. नाना फडणविसांच्या चित्रणावरून ब्राह्मणविरोधी, इतिहासाची विटंबना करणारे नाटक म्हणून टीकेचा भडिमार झाला. पण १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले ते सेन्सॉरने नव्हे, रस्त्यावरच्या जमावानेही नव्हे. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या ज्या संस्थेने ते केले होते, तिच्याच अध्यक्षांनी ते थांबवले. पुढचे मात्र सगळ्यांना साधत नाही. जब्बार पटेल, मोहन आगाशे आणि मंडळी संस्थेतून बाहेर पडली, मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर ॲकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये युरोप दौऱ्याला मोठा विरोध झाला, न्यायालयाची पायरी चढावी लागली, तरी ते परदेशी गेले. टेबल बदलले आणि नाटक जगले.

जेम्स लेन यांच्या शिवचरित्राची गोष्ट याच्या उलट टोकाची. एका आक्षेपार्ह, ऐकीव मजकुरावरून पुण्यातल्या इतिहास-अभ्यासकांनी नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाकडे निषेध नोंदवला आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तक भारतातून मागे घेतले. आग विझायला हवी होती. पण डिसेंबरात, ऋणनिर्देशात नाव होते एवढ्यावरून, संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासले गेले. ५ जानेवारी २००४ रोजी शंभरावर माणसे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसली. पोथ्या, हस्तलिखिते, कपाटे यांची नासधूस झाली. सरकारने पुस्तकावर बंदी घातली ती त्यानंतर, म्हणजे बाजारात नसलेल्या पुस्तकावर. पुस्तक मागे घेतले की संताप शमतो, असे मानणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने हा तारखांचा क्रम एकदा नीट वाचावा. तेव्हा ट्विटरचा जन्मही झाला नव्हता.

आनंद यादव यांचेही तसेच झाले. 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीतल्या चित्रणावर वारकऱ्यांनी हरकत घेतली. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी अखेर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले. २००९ चे महाबळेश्वर संमेलन अध्यक्षाविना पार पडले. वारकऱ्यांचा सल खोटा होता असे म्हणता येणार नाही. तुकोबा त्यांच्यासाठी कादंबरीतले पात्र नाहीत. पण लेखकाने दोन पावले मागे घेतल्यावर तिसरे पाऊल कोणाच्या हितासाठी मागितले गेले, याचे उत्तर कोणी दिले नाही.

दहा वर्षांनी यवतमाळ. जानेवारी २०१९ च्या ९२ व्या संमेलनाच्या उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजी लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्घाटन नको, अशी धमकी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या स्थानिक पुढाऱ्याने दिली. २०१५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणाऱ्या या बाई व्यासपीठावरून काय बोलतील, ही धास्ती कोणाकोणाला होती, याचीही कुजबुज झाली. आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. मग राज ठाकरे यांनीच आपला विरोध नसल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे ज्याची भीती घातली गेली तो बाजूला झाला, पण मागे घेतलेले निमंत्रण मागेच राहिले. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला, अनेक साहित्यिकांनी पाठ फिरवली, संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच या प्रकाराचा निषेध केला. उद्घाटन शेतकरी आत्महत्येने उद्ध्वस्त झालेल्या घरातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले, आणि त्यांचे साधे, रोखठोक भाषण संमेलनातल्या कित्येक पट्टीच्या वक्त्यांपेक्षा सरस ठरले. सहगल यांचे न झालेले भाषण तर मराठीत अनुवाद होऊन हातोहात फिरले. त्यांचे वडील रणजित पंडित हे मराठी, राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतरकार. परकी ठरवलेल्या बाईंचे महाराष्ट्राशी नाते आयोजकांपैकी किती जणांना ठाऊक होते, कोण जाणे.

इथवरच्या कथांत जुनी साधनेच अधिक आहेत: निवेदने, मोर्चे, दगड. गेल्या दशकात त्यांत भर पडली ती समाजमाध्यमांच्या यंत्राची. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये पाच लाखांवर ट्वीट तपासली, तेव्हा नीती आणि भावना दोन्हींना हात घालणारा एकेक शब्द वाढला की संदेश पुढे पाठवला जाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढते, असे आढळले. फेसबुकने २०१७ पासून इमोजीच्या प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते. त्यात लालबुंद चेहराही आला. जे लोकांना चिडवते ते अधिक लोकांपुढे जाऊ लागले. कंपनीतल्याच कागदपत्रांतून २०२१ मध्ये हे उघड झाले, तोवर त्या चेहऱ्याचे वजन शून्यावर आणले गेले होते. म्हणजे काही वर्षे संतापाला अक्षरशः जादा गुण मिळत होते.

या यंत्राचा फटका कोणाला किती बसतो, हे आपल्या राज्याने फार जवळून पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला. तिला आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. नातेवाइकाचा दवाखाना फोडला गेला. या घटनेने हादरलेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. त्याहून भीषण घटना १ जुलै २०१८ ची. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत होते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. मारले गेलेल्यांना कोणी 'कॅन्सल' झाले म्हणत नाही. व्यासपीठ असल्याशिवाय ते काढून घेतले जात नाही, आणि त्यांच्याजवळ पालापलीकडे काही नव्हते.

मग जाहीर संताप हा सर्वस्वी वाईटच का? तसे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. २०१८ च्या शरद ऋतूत अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी दहा वर्षांपूर्वीची लैंगिक छळाची तक्रार पुन्हा मांडली आणि चित्रपट, पत्रकारिता, जाहिरात या क्षेत्रांतल्या बायका बोलत्या झाल्या. केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी आरोप नाकारले, पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला, पण १७ ऑक्टोबरला राजीनामा दिला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडले. कित्येक वर्षांनंतरही आणि हव्या त्या माध्यमातून आपले गाऱ्हाणे मांडण्याचा स्त्रीला अधिकार आहे, असा त्या निकालाचा आशय होता. विशाखा निकाल १९९७ चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. समित्या कागदावर होत्या. कागदावरच होत्या, म्हणून तक्रारी ट्विटरवर आल्या.

याच प्रश्नावर वर्षभर आधी भारतीय स्त्रीवाद्यांत उभी फूट पडली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये राया सरकार या कायद्याच्या विद्यार्थिनीने लैंगिक छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांची यादी फेसबुकवर प्रसिद्ध केली. अनेक नावांपुढे तपशील नव्हता. ज्येष्ठ स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी निवेदन काढून रीतसर चौकशीचा आग्रह धरला. ज्यांनी विशाखासाठी झुंज दिली त्यांना ती प्रक्रिया जिवापाड मोलाची वाटणारच. तरुण मुलींनी, त्यांत दलित-बहुजन विद्यार्थिनींनी विशेषतः, उलट विचारले की विभागप्रमुखाच्या मित्रांनी भरलेल्या समितीपुढे आम्ही कोणत्या भरवशावर जायचे? भारतातल्या या विषयावरच्या चर्चेत इतकी प्रामाणिक, दोन्ही बाजूंना जखमा करणारी चर्चा दुसरी झालेली नाही. 'हार्पर्स'च्या पत्रापेक्षा ती आधीची आणि अधिक खोल आहे, तरी आपल्याकडे उद्धृत होते ते पत्रच.

बाजारातल्या टेबलांची भाषा आणखी वेगळी. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कच्या जाहिरातीत मुस्लिम घरात हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखवले होते. बहिष्काराच्या हाका उठताच कंपनीने जाहिरात काढली. दुखावलेल्या भावना आणि दुकानांतल्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता ही कारणे दिली. दुसरे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. बेंगळुरूतल्या मुख्यालयाने बाणा दाखवायचा आणि त्याची किंमत गावातल्या काचेच्या दुकानात उभ्या असलेल्या विक्रेत्याने मोजायची, हा न्याय नव्हे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या दंगलीवरचे एक पुस्तक ब्लूम्सबरी इंडियाने ऐन प्रकाशनाच्या तोंडावर मागे घेतले. या वेळी दबाव डाव्या-उदारमतवादी लेखकांचा होता. 'गरुड प्रकाशना'ने ते लगेच छापले. एरवी प्रकाशनबंदीविरुद्ध उभे राहणाऱ्यांपैकी थोड्यांनीच तेव्हा तोंड उघडले. आपल्या बाजूचा संताप जबाबदारीचा आणि समोरच्यांचा तो झुंडशाहीचा, ही सवय दोन्हीकडे सारखीच मुरलेली आहे.

मार्च २०२५ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर केलेल्या विडंबनानंतर मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या छोट्या रंगमंचाची शिवसैनिकांनी मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक बांधकामाचा काही भाग पाडायला तिथेच पोहोचले. जागेच्या चालकांनी कार्यक्रम थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि थोड्याच दिवसांत तिकिटे विकणाऱ्या 'बुकमायशो'वरून कामरा यांचे नाव उतरले. बोलणारा माणूस जागेवरच होता. जागा, तिकीट आणि बैठकव्यवस्था गेली. ज्याला बोलणाऱ्याशी थेट भिडायचे नसते, तो त्याच्या पायाखालची सतरंजी ओढतो.

कायदा इथे कितपत उपयोगी पडतो? राज्यघटनेचे कलम १९ सरकारला बांधते. लेन यांच्या पुस्तकावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. पण प्रकाशकाने मागे घेतलेले पुस्तक पुन्हा छापा, असा आदेश देण्याची सोय नाही. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्याकडून जानेवारी २०१५ मध्ये नामक्कलच्या अधिकाऱ्यांनी 'शांतता बैठकीत' माफीनामा लिहून घेतला होता. तो बंधनकारक नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये ठरवले आणि मुरुगन पुन्हा लिहू लागले. तिथे टेबलापलीकडे सरकारी अधिकारी होता, म्हणून न्यायालयाचा हात पोहोचला. संयोजक, प्रकाशक, वाहिनी यांच्यापर्यंत तो सहसा पोहोचत नाही.

एक अपवाद मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. जमाव बिथरेल म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, जमावाला आवरणे हे सरकारचे काम आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन प्रकरणात १९८९ मध्येच सांगून ठेवले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोलकात्यात अनीक दत्त यांचा 'भविष्यतेर भूत' हा उपहासपट लागला आणि दुसऱ्याच दिवशी बहुतेक चित्रपटगृहांतून उतरला. बंदीचा आदेश कुठेच नव्हता. चित्रपटगृहांचे व्यवस्थापक 'वरून सांगितले' एवढेच म्हणत होते. ११ एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने या अदृश्य दबावासाठी पश्चिम बंगाल सरकारलाच जबाबदार धरले आणि निर्मात्यांना २० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. घाबरलेल्या मधल्या माणसाला सोडून त्याला घाबरवणाऱ्याला बिल पाठवण्याचा हा दुर्मीळ दाखला. यवतमाळचे आयोजक किंवा खारच्या त्या छोट्या रंगमंचाचे चालक याच वाटेने जाऊ शकतील का, आणि फोन करणारा सरकारी माणूस नसून एखादा पक्ष, देणगीदार किंवा जाहिरातदार असेल तर बिल कोणाच्या नावे फाडायचे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.